सापाचा श्वास

झुल्मिराने हातातला दोर खाली टाकला आणि फाटकाच्या फटीला डोळा लावला. मैदानात निळ्यांचा खेळ रंगात आला होता. पारिन्तिन्सच्या उत्सवात तांबडा आणि निळा अशा दोन बैलांच्या संघांची चढाओढ असते; एका बैलाचा खेळ चालू असला की दुसऱ्याच्या लोकांनी ब्रसुद्धा काढायचा नाही, नाहीतर आपल्याच बैलाचे गुण कापले जातात. झुल्मिराच्या तांबड्यांची गॅलरी त्यामुळे मुकाट बसून होती.

निळ्यांचा लाकूड-कापडाचा अजस्र अजगर उठू लागला. तीन मजली मान अर्ध्यावर आली आणि थांबली.

"अडकला, ताई!" दोर ओढणाऱ्यांचा म्होरक्या जेसुआल्दो कुजबुजला. "बरी जिरली पलीकडच्यांची."

मान किंचित खाली आली, गळा फुगला, मग डोकं सावकाश वर गेलं. निळी गॅलरी बेभान झाली.

"हा तर आपला श्वास..." जेसुआल्दो म्हणाला.

मोटर लावली की साप क्रेनसारखा दिसतो, म्हणून झुल्मिराने वाळूच्या पोत्यांवर मान तोलून ती आतल्या माणसांनी ओढायची युक्ती काढली होती. सरावात ओस्मारिनो समोर उभा राहून मूठ वर करी. मूठ दिसली की माणसं थांबत आणि साप श्वास घेई. पंधरा वर्षं तिच्यासोबत एका छपराखाली काम केलेला ओस्मारिनो. पावसाळ्यात तो आईच्या आजारपणाचं सांगून गेला, तेव्हा तिनेच बोटीने म्हातारीसाठी सुके मासे आणि कसाव्याच्या कंदाचं पीठ धाडलं होतं. त्याने केसाने गळा कापला होता.

"आता आपला साप बाहेर पडला की लोक म्हणणार, निळ्यांची नक्कल मारली," जेसुआल्दो म्हणाला.

"मध्ये थांबू नका. सरळ वर ओढा."

"आणि श्वास?"

"ज्याने नेला त्याला लखलाभ."

तांबड्यांची पाळी आली. आता निळी गॅलरी गप्प होती. पहिल्याच रांगेत, नवा निळा सदरा घालून, ओस्मारिनो बसला होता. झुल्मिराने त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलंच.

तिच्या सापाची मान अर्ध्यावर आली. ओस्मारिनो ताडकन उभा राहिला आणि त्याची मूठ वर गेली.

मान थांबली नाही. करकरत सरळ वर गेली.

ओस्मारिनोची मूठ तशीच वर राहिली. तोंड उघडं होतं, पण निळ्यांपैकी कुणालाच आता आवाज काढायची मुभा नव्हती.