गार्डाचा डबा

कारखान्यातला गोरा फोरमन कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्यानं आपली खेळण्यातली आगगाडी हाताखालच्या रत्नाकरला देऊन टाकली. किल्लीचं इंजिन, मालाचे डबे आणि सगळ्यात शेवटी लालभडक अमेरिकन गार्डाचा डबा. त्याच्या छपरावर एक लहानशी काचेची खोली होती.

गणपतीत रत्नाकरनं मंडळाच्या आराशीत ती गाडी फिरवली. तुळशीराम बघायला आले. ते मालगाडीवरचे गार्ड, रत्नाकरच्या बायकोचे, लतिकाचे वडील. तिनं त्यांच्या मर्जीविरुद्ध रत्नाकरशी लग्न केलं, तेव्हापासून ते जावयाशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, तेही सगळ्यांसमोर.

"गार्डाच्या डब्यावर कबुतराचं खुराडं काहून बसवलं बे? जन्म गेला माझा लाइनीवर, असा डबा पाह्यला नाही. याले डबा समजत नाही, हा संसार काय करून राहिला!"

मंडळी हसली. लतिका मान खाली घालून उठून गेली.

घरी येताच रत्नाकरनं करवत घेतली आणि ती वरची खोली कापून काढली. आता हा डबा हुबेहूब मालगाडीच्या शेवटी म्हातारा बसतो त्या ब्रेकव्हॅनसारखाच करायचा. दोन्ही टोकांना उघडा व्हरांडा, लोखंडी कठडे, हातब्रेकचं चाक. चूक काढायला जागाच ठेवायची नाही.

तोवर सरहद्दीवर लढाई पेटली होती. शहरात ब्लॅकआउट, कारखान्यात जादा पाळ्या, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी हेरांच्या गोष्टी. रत्नाकरला याचं भान राहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तो रेल्वेच्या यार्डात शिरला आणि उभ्या ब्रेकव्हॅनला सुतळी लावून मापं घेऊ लागला. प्रत्येक मापाला एक गाठ. लांबी-उंची झाली, टोकांच्या व्हरांड्यांवर चढून पाहायचं राहिलं होतं, तोच मागून कुणीतरी त्याची कॉलर धरली.

"ये गाँठें किस बात की हैं?" रेल्वेच्या शिपायानं विचारलं.

"नाप है, भैया. खिलौना बना रहा हूँ."

यावर कोण विश्वास ठेवणार? तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून काखेत झेंड्या धरून तुळशीराम येताना दिसले. रत्नाकरच्या जिवात जीव आला. "वो मेरे ससुर हैं. मामाजी! मामाजी, सांगा ना यांना!"

तुळशीराम जवळ आले. त्यांनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मैं नहीं जानता इसे," ते म्हणाले आणि चालू लागले.

रात्र चौकीत गेली. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे साहेब येऊन जामीन राहिले, तेव्हा कुठे तो सुटला. घडलं ते ऐकून लतिका रडली नाही. तिनं त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "आजपासून मला माहेर नाही."

गोष्ट मंडळात पसरली. लोक तुळशीरामांना टाळू लागले. विसर्जनानंतर एका सकाळी ते लेकीच्या दारात येऊन उभे राहिले. माफी मागायला नव्हे.

"लोकांना सांग पोरी, अंधार होता म्हणून. चेहरा दिसला नाही."

"भर दुपार होती, बाबा."

त्यांची नजर खिडकीवर गेली. तिथे तयार झालेला डबा होता, खाली विटकरी रंगाचा, वर करड्या छपराचा. न विचारता त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला. बराच वेळ त्यांना काही खोट सापडेना. मग त्यांचा चेहरा खुलला.

"चाक चुकलं. ब्रेकचं चाक या टोकाला नसते, त्या टोकाला असते."

"टोकांवर चढून पाहायच्या आधीच धरलं मला," रत्नाकर म्हणाला. "तुम्ही होतेच तिथं."

तुळशीरामांनी डबा खाली ठेवला. लतिकानं दार उघडून धरलं. ते गेले.

रत्नाकरनं पक्कड घेऊन चाक उपसलं. आता हा डबा आपटतो की काय, असं लतिकाला वाटलं. पण त्यानं ते दुसऱ्या टोकाला नेऊन नीट बसवलं. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्यामुळेच त्याला म्हाताऱ्याचा जास्त संताप आला.