कडकडीत वाळवलेलं पिंप

मित्रांनो, मी केंटकीतलं व्हिस्कीचं जुनं पिंप आहे आणि मला माणसांची कीव येते.

माझ्या अंगात खिळा नाही, डिंक नाही. ओकच्या फळ्या, लोखंडी कड्या आणि लाकडातली ओल, एवढ्यावर मी उभं. घडवल्यावर मला आतून जाळलं आणि मक्याची ताजी दारू माझ्यात भरली. पाण्यासारखी बेरंगी, वर उर्मट! कित्येक वर्षं कोठारात मी तिला पोटाशी धरलं. उन्हाळ्यात ती माझ्या लाकडात शिरायची, हिवाळ्यात बाहेर यायची. तिचा तांबूस रंग, गोडसर वास माझाच. पर्यटक मात्र पेला हुंगून मालकाला शाबासकी द्यायचे आणि मला टिचक्या मारायचे, जणू मी कलिंगड!

शिवाय बर्बनला, म्हणजे या मक्याच्या व्हिस्कीला, दर वेळी कोरंच पिंप लागतं, असा कायदा. रिकामं झालं की चला, निघा!

मला ट्रॉय नावाच्या गावातल्या गिरीशने घेतलं. तो मोटारींचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे त्याला सगळंच कळतं.

"चारुता, यात लोणचं काय मुरेल, यार!"

"दारूच्या पिंपात कैरी? आईंना फोनवर सांगू नकोस हं," त्याची बायको हसली.

लोणच्याची बरणी कडकडीत वाळवायची, हे दोघांच्या हाडीमाशी भिनलेलं. मला घरापुढच्या ड्राइव्हवेवर उन्हात तापवलं, वर पंखा लावला. माझी ओल गेली, फळ्या आकसल्या, कड्या सैल झाल्या. मग कैऱ्या भरल्या. खार गॅरेजभर वाहिला.

"फेक निघालं! उद्या करवतीने दोन तुकडे करतो. कुंड्या होतील."

फेक, म्हणजे नकली! मी! ज्यांना बरणी आणि पिंप यातला फरक कळत नाही, ते मला कापणार!

चारुताने मला रिकामं केलं, मोहरीचा वास जावा म्हणून आत पाण्याचा पाइप सोडला. तेवढ्यात बाळ रडलं. ती तशीच आत पळाली आणि त्याला पाजता पाजता मला विसरली. मी पीत राहिलं. आधी फटींतून पाणी गळलं. मग फळ्या फुगल्या, एकमेकींना बिलगल्या. रात्री उशिरा तिला आठवलं, तेव्हा तिने आतूनच नळ बंद केला.

सकाळी गिरीश करवत घेऊन आला. मी काठोकाठ भरलेलं, खाली एक थेंबही गळत नव्हता.

"हे काय झालं?"

बाळाला कडेवर घेऊन चारुताने माझ्या पोटावरून हात फिरवला. "तहानलेलं होतं रे ते. ठेव ती करवत."

मित्रांनो, रिकामं झालेलं कुणी गळायला लागलं, तर आधी त्याला पाणी द्या. नावं मग ठेवा.