सुनावणी उठेपर्यंतची बॅटरी

पंखा घरघरू लागला तसे थोरलीनं कान टवकारले.

छताचा पंखा नव्हे, तिच्या बोटांखालचा, लॅपटॉपच्या आतला. एरवी तो असतो की नसतो तेही कळत नसे. यंत्र जुनं, बॅटरी थकलेली. भरधाव पळवलं तर तासभरात मान टाकणारी. म्हणून तर तिनं त्यात लिनक्स ही हलकी प्रणाली घालून प्रोसेसरचा वेग खाली बांधून ठेवला होता. नुसती अक्षरं उमटवायला कशाला हवा चौखूर घोडा? रमतगमत चालणारं ते यंत्र मग दुपारभर साथ द्यायचं. आज दुपारभर साथ हवीच होती. सुनावणीच्या खोलीत त्यांच्या टेबलाजवळचा प्लग मेलेला, आणि लांबून वायर ओढायला शिपाई तयार नव्हता. "कुणी अडखळून पडलं तर निस्तरायचं मी," म्हणाला.

शेजारी आप्पा बसले होते, तिचे वडील. कारखान्यात बॉयलर फुटला त्या दिवसापासून त्यांच्या कानांत ना पाखरू बोललं, ना पाऊल वाजलं. लोक ओठ हलवत, आप्पा मान हलवत. कळलं तरी मान, न कळलं तरी मान. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये एवढंच त्या मानेत असे. त्या स्फोटाच्या चौकशीत गेल्या खेपेला कारखान्याच्या वकिलानं त्यांना भराभर काही विचारलं, आप्पांनी सवयीनं मान डोलावली, आणि ती कबुली म्हणून नोंदली गेली. तेव्हापासून थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. टीव्हीवर बोलणाऱ्यांच्या खाली, ते बोलत असतानाच, त्यांचे शब्द उमटवणं हे तिचं रोजचं काम. परक्यांसाठी बोटं झिजवते आणि बापासाठी नाही? आज इथला शब्द न् शब्द ती मोठ्या अक्षरांत आप्पांच्या डोळ्यांपुढे ठेवत होती.

तिनं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. बॅटरी अर्ध्याच्याही खाली! सुनावणी तर आत्ता कुठे तापत होती.

तिनं वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. धाकट्या भावानं लगेच छताकडे नजर लावली. तिथंच तिला सगळं उमगलं. काल मित्राचा व्हिडिओ कापायला लॅपटॉप त्यानंच नेला होता.

चौकशीचे साहेब चष्मा पुसत थांबले होते. तेवढ्यात तिनं त्याला बोटानं जवळ बोलावलं. तो वाकत वाकत आला.

"काय केलंस याला?"

"अगं ताई, काल केवढा रडत होता! गोगलगाय बरी. मी फुल स्पीड लावला. चालू केलं की आपोआप लागेल असाच बसवून दिलाय."

"कुणी सांगितलं होतं?"

"घ्या! चांगलं करायचीही चोरी."

"चांगलं? माझ्या डोक्यावर मिरे वाटलेस, त्याला चांगलं म्हणतोस? विचारायला तोंड नव्हतं तुला?"

"ताई, लोक बघतायत..."

"बघू देत. जा, बस तिकडे. आत्ता मला तुझं थोबाडही बघायचं नाहीये."

तो गेला. साहेबांनी चष्मा चढवला, वकील उठला. थांबा म्हणावं तर वकील याचीच वाट बघत असणार. यंत्र बंद पडलं, पुढे चला, असं म्हणून मोकळा होईल. थोरलीनं दात आवळले आणि यंत्राला हुकूम द्यायचं टर्मिनल उघडलं. ती काळी चौकट आप्पांच्या अक्षरांवर पडदा पडावा तशी पडली. वेग खाली आणायची एक ओळ, मग पासवर्ड. रागाच्या भरात तिनं कळा बडवल्या. पासवर्ड चुकला. पुन्हा. वकिलाचं बोलणं कानांवर पडत होतं, बोटं मात्र दुसरंच लिहीत होती.

"व्हॉल्व्ह नादुरुस्त असल्याची सूचना यांना आधीच मिळाली होती," वकील म्हणाला. "ती मिळाल्याचं यांनी मागेच मान्य केलंय. आजही नाकारत नाहीत. हो ना?"

आणि सगळी खोली आप्पांकडे पाहू लागली.

आप्पांना समोर काळी चौकट दिसत होती आणि भोवती वाट पाहणारे चेहरे. ते कसनुसं हसले. मान डोलावताना असायचं तेच हसू. हनुवटी खाली यायला लागली.

थोरलीनं हात टाकला आणि बापाची हनुवटी मुठीत धरली.

असं कुठली लेक करते? खोलीत कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. आप्पांचे डोळे विस्फारले. पांढरे खुंट तिच्या तळहाताला टोचत होते, तरी तिनं पकड सोडली नाही.

"हे काय चाललंय?" वकील ओरडला. "साक्षीदारावर जबरदस्ती आहे ही!"

"जबरदस्ती तुमची!" ती कडाडली. "बहिऱ्या माणसाची मान विकून खाताय तुम्ही. साहेब, यांना वाचू द्या. वाचल्याशिवाय यांची मान हलणार नाही. मी हलू देणार नाही."

साहेबांनी वकिलाला हातानं गप्प केलं. थोरलीनं दुसऱ्या हातानं काळी चौकट बाजूला सारली. दुसऱ्यांदा टाकलेला पासवर्ड लागला होता; लॅपटॉपची घरघर उतरत गेली. मग एकाच हातानं, शोधून शोधून, तिनं वकिलाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. अक्षर अक्षर पुढे सरकत होतं आणि त्यामागून आप्पांची नजर.

'मागेच मान्य केलंय' इथवर आल्यावर आप्पांनीच तिचा हात हनुवटीवरून हळूच काढला. ते उभे राहिले.

"खोटं!" ते ओरडले. आपला आवाज केवढा आहे ते त्यांना कळायचं नाही. खिडकीच्या काचा थरारल्या. "कुणी सांगितलं नव्हतं मला. सांगितलं असतं तर त्या बॉयलरपाशी माझ्या कामावरच्या जोडीदाराला उभं केलं असतं का मी? मान हलवली ती ऐकू आलं नाही म्हणून! लिहून घ्या. मला ऐकू आलं नाही."

साहेबांनी मागच्या नोंदीचा कागद पुढे ओढला. "मागची कबुली बाजूला ठेवतोय मी," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून विचारा. आणि त्यांचं वाचून होईपर्यंत थांबायचं."

थोरलीचा राग काही उतरला नव्हता. भावाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही हात पुन्हा कळांवर ठेवून तिनं साहेबांचं बोलणं उतरवलं, आणि त्याच्या वर, गरज नसताना, आप्पांचं स्वतःचं बोलणंही. आपला आवाज आप्पांनी किती वर्षांत ऐकला नव्हता.

आप्पा वाकले. आपलेच शब्द त्यांनी ओळीखालून बोट फिरवत वाचले.

"माझं बोलणं मागच्या बाकापर्यंत गेलं का गं?" त्यांनी विचारलं.

'गेलं,' तिनं लिहिलं.