फुग्याच्या शेडचं दार

दक्षिण गोलार्धातल्या ऑगस्टच्या कडाक्याच्या थंडीत रिओ ग्रांदेच्या हवामान ठाण्यावरून रोज चार फुगे सोडायचे होते. डोंगरांवरून उसळणारा हिवाळी वारा तीस किलोमीटर उंचीपर्यंत कसा वाहतो, ते फुग्याला टांगलेली डबी रेडिओवरून खाली कळवायची. फुग्यात हायड्रोजन भरायचं काम नेलिदा ओहेदाचं. मे महिन्यात तिच्या डोळ्यांदेखत ठिणगी पडून गॅस पेटला आणि तिचा सहकारी एवारिस्तो बार्रियाचे हात भाजले होते. तेव्हापासून नळी जोडताना तिचा श्वास अडकायचा.

त्यानंतर आज एवारिस्तो पहिल्यांदाच कामावर आला होता.

"हात कसे आहेत तुमचे?" नेलिदानं विचारलं.

"'माते' चहाचा पेला धरता येतो. बायको म्हणते, आधीही एवढ्याच कामाचे होते."

दुपारचा फुगा भरून छताला टेकला. नेलिदानं त्याचं तोंड घट्ट बांधलं, एवारिस्तोनं मोठं लोखंडी दार उघडलं आणि तेवढ्यात वारा फिरला. दार उघडं धरणारी कडी निसटली. दार चौकटीवर आदळलं, लोखंडावर लोखंड. एक ठिणगी उडाली असती तर दोघंही उरली नसती.

"गॅस सोडून देऊ?" तिनं विचारलं.

"इथं सोडलास तर छतालाच साठेल. बाहेर काढ त्याला. दार मी बघतो."

पण तो जागचा हलेना. हात छातीशी धरून नुसता दाराकडे बघत राहिला. दार वाऱ्यानं पुन्हा मागे गेलं.

"एवारिस्तो," ती हळूच म्हणाली, "मला एकटीला नाही जमणार."

दार परत आलं तेव्हा मध्ये त्याचा खांदा होता. काहीतरी मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, पण थांबली नाही. वाकून, फुगा ओढत ती त्याच्या शेजारून बाहेर पडली. बर्फावर पाय ठरेनात. वाऱ्यानं तिला गुडघ्यांवर फरफटत कुंपणाकडे नेलं. फुगा जमिनीवर आपटत होता. क्षणभर वारा ओसरला, फुगा वर उठला आणि तिनं दोरी सोडली. डबी कुंपणाच्या तारेवरून वीतभर अंतरानं गेली.

एवारिस्तो भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक.

"गेला?"

"गेला."

"मग चल, दवाखान्यात ने मला. आणि रडतेस कशाला? हाड माझं मोडलंय."

डबीनं कळवलेल्या आकड्यांत चोवीस किलोमीटर उंचीवर वारा ताशी तीनशे दहा किलोमीटर निघाला. दवाखान्यातून परतल्यावर नेलिदानं जुन्या टायरचं रबर कापून चौकटीला ठोकलं, कडीला दुहेरी साखळी घातली. मग संध्याकाळचा फुगा भरायला घेतला. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. दोनदा नळी हातातून निसटली. तिसऱ्यांदा बसली.