चोवीस पौंडांचं धनुष्य

बुरुलबाईंनी कागदावर तीनच ओळी लिहून दिल्या होत्या. मूठ धातूची, वापरलेली चालेल. मुठीच्या वर-खालची पाती लाकडाची, स्वस्तातली. ओढ चोवीस पौंड, वर एकही नाही. उन्हाळ्यात नारिनच्या मैदानावर तिरंदाजीसाठी मुली पारखायला आलेल्या या प्रशिक्षक बाईंनी मुकाशच्या लेकीला, सेझिमला, उसन्या धनुष्यावर नेम धरताना पाहिलं आणि म्हणाल्या, "खांदा सरळ आहे हिचा. पानगळीत मी परत येईन, तेव्हा स्वतःचं धनुष्य हवं. बिश्केकच्या क्रीडाशाळेत एकच जागा आहे."

मुकाश पत्र्याच्या शेगड्या बनवायचा. कुठल्या धातूला किती ताण सोसेल हे त्याला हात लावताच कळायचं, त्यामुळे कागदही लगेच कळला. मूठ वर्षानुवर्षं टिकते, पाती ताकद वाढेल तशी बदलायची. इतकं सोपं होतं. पण पैसा होता सगळ्या भाऊकीचा. लग्न असो, मयत असो, नाहीतर धनुष्य, तिथे सगळे थोडं थोडं घालतात, आणि गोळा करणाऱ्याचा शब्द शेवटचा असतो. गोळा केलं थोरल्या भावाने, तोक्तोसुनने. म्हणून थोरपणाची पांढरी टोपी घालून तोही बाप-लेकीबरोबर बिश्केकच्या दुकानात हजर.

दुकानदाराने कागद वाचून नेमकं तसंच धनुष्य पुढे ठेवलं. मूठ जरा खरचटलेली, पाती फिकट लाकडाची. बारा हजार सोम.

तोक्तोसुनने दोन बोटांनी दोरी ओढली. "हे काय, लोकर पिंजायला न्यायचंय?"

"बाईंनी लिहून दिलंय, दादा."

"बाईंना आपल्या सात पिढ्यांची नावं येतात का? बेर्दिकुल आजा धावत्या घोड्यावरून लांडगा पाडायचा. त्याच्या घरातली पोर चोवीस ओढणार? भाऊकी तोंडावर हसेल माझ्या. ते काळं दाखवा."

काळं धनुष्य अडतीस पौंडांचं होतं. मूठ हलक्या प्रतीची, वरून नुसती चकाकी. किंमत तेवढीच.

"काका, लांडग्याला एक बाण लागतो," दुकानदार म्हणाला. "ही पोरगी दिवसाला दोनशे मारणार."

"तुम्ही विकायचं बघा."

सेझिम बापाच्या कानाशी लागली. "बाबा, मला नाही झेपणार हे. तुम्ही सांगा ना."

तो सांगणार होता, खरंच सांगणार होता. तेवढ्यात तोक्तोसुनने दोन्ही तळवे वर धरले आणि तिथेच काळ्या धनुष्याला आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. थोरल्याने आशीर्वाद दिलेली वस्तू कोणी परत ठेवत नाही. 'ओमीन' म्हणून तळवे तोंडावरून फिरवले की विषय मिटला. मुकाशने फिरवले. सगळ्यांच्या शेवटी सेझिमनेही फिरवले.

दुकानदार बिचारा भला होता. निघताना मुकाशला बाजूला घेऊन म्हणाला, "महिनाभरात आणा. पाती बदलून देतो, वर पैसे नकोत."

महिना सरत आला. गोठ्यामागे गवताच्या गठ्ठ्यांवर पोरगी रोज बाण मारायची आणि रोज तिचा खांदा कानाकडे थोडा आणखी सरकायचा. आई मेंढीच्या चरबीने तो चोळून द्यायची.

"एका दिवसात जाऊन याल," बायको म्हणाली. "आणा ना बदलून."

"दादा विचारेल."

"मग सांगा त्याला."

मुकाश पत्रा कापायला उठून गेला. तापल्या लोखंडाला न भिणारा हा माणूस एका टोपीला भ्याला, दुसरं काही नाही.

निवडीच्या दिवशी सहा मुली होत्या. तोक्तोसुन सणासुदीच्या तळलेल्या बोरसोकची पिशवी घेऊन आला आणि मैदानभर वाटत सुटला. सेझिमचे पहिले बारा बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात बसले. मग दंड थरथरायला लागला, मान आखडली, आणि बाण खाली खाली जात शेवटी मातीत रुतले.

बुरुलबाई तिच्यापाशी आल्या. धनुष्य हातात घेऊन त्यांनी खालच्या पात्यावरचा आकडा वाचला.

"मी किती लिहिलं होतं?"

"चोवीस."

"मग हे कोणी निवडलं?"

मुकाश दहा पावलांवर उभा होता, भावाच्या कोपराला कोपर लागून. सेझिमने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाईही थांबल्या. एक शब्द पुरला असता, आणि तो त्याच्या जिभेवर होता.

"मी," सेझिम म्हणाली. "मीच हट्ट केला."

बाईंनी धनुष्य तिला परत दिलं. "खांदा मी महिन्यात सरळ केला असता. मातीतले बाणही मला चालले असते. पण सांगितलेलं न ऐकणारी मुलगी मी नेत नाही." आणि त्या पुढच्या मुलीकडे गेल्या.

सेझिम पाठ फिरवून पाती उतरवू लागली. डाव्या हाताने, कारण उजवा वर जात नव्हता.

तोक्तोसुनने भावाच्या पाठीवर थाप मारली. "पोरगी गुणाची आहे रे. मोठ्यांचं नाव मध्ये येऊ दिलं नाही. चांगलं वळण लावलंस."

"हो, दादा," मुकाश म्हणाला.