साडेचार फेऱ्या

दुपारी बाराचा भोंगा झाला आणि पंपमास्तर जेवायला घरी आले. कागद गिरणीच्या वसाहतीत भोंग्याबरोबर घरोघर ताटं मांडली जातात, त्यात नवल काही नाही. मास्तरांनी हात धुतले, ताटावर बसले, पहिला घास मोडला आणि तो हातात तसाच धरून मागच्या दाराकडे बघत राहिले. डाव्या हाताचा अंगठा मात्र एकेका बोटावर टेकत होता. एक. दोन. तीन. चार. मग तो थांबला. थोड्या वेळानं त्यांनी घास तोंडात घातला.

त्यांची बायको समोर वाढत होती. तिनं भांडं आवाज न करता खाली ठेवलं. एकोणीस वर्षं ती हे पाहत आली होती, आणि एकोणीस वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही मोजता काय.

मास्तर पावलं मोजत. घरामागून तळ्याचा रस्ता जातो. गिरणीतलं पिवळट पाणी साठवणारं ते तळं, त्याच्याभोवती दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता. भर दुपारी त्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तरी मास्तरांना धावणारी पावलं ऐकू येत. हलकी, सारख्या अंतरानं पडणारी. ती घरामागून चार वेळा जात, आणि पाचव्यांदा येत नसत.

ती पावलं त्यांच्या धाकट्या बहिणीची होती. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी गिरणीच्या वार्षिक शर्यतीत, महिलांच्या पाच फेऱ्यांमधली पाचवी अर्धी झाली असताना, पंपघराच्या वळणावर ती कोसळली आणि पुन्हा उठली नाही. त्यानंतर क्रीडा समितीनं महिलांची शर्यत एका फेरीची केली. पुरुषांच्या पाच फेऱ्या पाचच राहिल्या. पुरुष सकाळी सातला धावत. मग बक्षिसं, मग भाषणं, आणि भाषणं संपली की अकराच्या उन्हात बायकांना सोडत. तोवर वेळ मोजणारं घड्याळ पेटीत गेलेलं असे. पहिल्या पुरुषाला सायकल मिळे आणि पहिल्या बाईला इस्त्री. धावून दमलेल्या बाईला घरी जाऊन कपड्यांना इस्त्री करता यावी, एवढी काळजी समितीला होती.

"आई, पुरुषांबरोबरच्या पाच फेऱ्यांचा माझा फॉर्म परत आला," मुलगी दारातूनच म्हणाली. ती गिरणीच्या प्रयोगशाळेत कागदाची जाडी मोजायची. बावीस वर्षांची, पण अजून सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती कधी चाललीच नव्हती. "बघ काय लिहिलंय. महिलांसाठी स्वतंत्र शर्यत असल्याने अर्ज अमान्य. शर्यतीचं नाव खुली, आणि दार बंद!"

"मग पळ की आपल्यातच," आई म्हणाली. "त्या बाप्यांच्या घोळक्यात कशाला घुसायचंय तुला?"

"घुसायची हौस नाही गं मला. मला पाच फेऱ्या पळायच्यात. आपल्यात एकच आहे. अंगात ऊब येईस्तोवर संपते."

"ती एक का झाली, ते माहीत आहे ना तुला?" आईचा आवाज बारीक झाला. "मी होते तिच्याबरोबर. तिसऱ्या फेरीला तू कडेला भोकाड पसरलंस, तीन वर्षांची होतीस, म्हणून मी सोडली. धाकटी मला म्हणाली, वहिनी, तू जा, मी पंपाजवळ दादाकडे पाणी पिते आणि होते पुढे." तिनं पदराच्या टोकानं डोळे टिपले. "शेवटचं पाणी तरी सख्ख्या भावाच्या हातचं प्यायली. तेवढंच समाधान."

मास्तर ताटावरून उठले. ताटात अर्धं अन्न तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी समितीच्या खोलीत गेली, आणि बापाला बरोबर घेऊन गेली. आपल्या माणसाचा शब्द गिरणीत चालतो, असा तिचा भाबडा समज. खोलीत चिटणीससाहेब होते आणि दवाखान्याच्या नर्सबाई होत्या. महिलांच्या शर्यतीचं सगळं बाईच पाहत. पांढरे झालेले केस, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ, आणि बोलणं एकदम सडेतोड.

"तुला ही शर्यत मोडायची आहे का?" बाईंनी थेट विचारलं.

"नाही सिस्टर."

"मग ऐक. आधी एकच शर्यत होती. कागदावर सगळ्यांना खुली. दोघी पोरी उतरल्या. परत आल्या तेव्हा एकीच्या कमरेवर नखांचे ओरखडे होते. मीच औषध लावलं. गर्दीत कुणाचा हात, कसं सांगणार? त्या पुन्हा धावल्या नाहीत. मग मी भांडून हा वेगळा रस्ता मिळवला. पहिल्या वर्षी चाळीस जणी आल्या. वयाच्या दहाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच पळणाऱ्या बायका होत्या त्यांच्यात. मी कडेला उभी राहून रडले होते."

 हे भिंगरीला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमचा रस्ता राहू दे सिस्टर," ती म्हणाली. "आईसारख्या कितीतरी जणी त्याच्यामुळेच उंबऱ्याबाहेर पडल्या. पण रस्ता वेगळा मागितला म्हणून तो आखूड का केला? ऊन आम्हालाच का? घड्याळ का उचलतात? मी दिवसभर कागदाची मापं काढते. मला एकदा तरी कुणी मोजा की."

नर्सबाई खाली बघू लागल्या. चिटणीस हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त खुर्चीत फार वर्षं बसलेला होता. त्यांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली आणि वाचून दाखवलं, "सदर महिलेस अंतर न झेपल्याने मृत्यू झाला. मार्गावर पाण्याची व्यवस्था पुरेशी होती." मग फाईल फिरवून तिच्यापुढे धरली. "खाली सही कुणाची आहे, बघ."

सही पंपमास्तरांची होती. तरुण हाताची, ठसठशीत.

"बाबा, पाणी होतं ना?" भिंगरीनं सहज विचारलं. तिला संशय असा नव्हताच.

पंखा फिरत होता. मास्तरांच्या डाव्या हाताचा अंगठा एका बोटावर टेकला, दुसऱ्यावर टेकला.

"होतं," ते म्हणाले.

हे वाचताना तुम्हाला त्यांचा राग यावा. मलाही येतो. पण माणूस एकदा खोट्यावर सही करतो तेव्हा त्याला वाटतं, हे एकदाच आहे. त्याच्या ध्यानात येत नाही की ती सही त्याला रोज नव्यानं करावी लागणार आहे.

शर्यतीचा दिवस उजाडला. पुरुष धावले, सायकल दिली गेली, पाहुणे स्त्रीशक्तीवर पाऊण तास बोलले. अकरा वाजता महिलांची एक फेरी सुटली. मास्तर पंपघराच्या वळणावर पाण्याच्या चार निळ्या टाक्या आणि पेले मांडून उभे होते. बायका हसत, पदर खोचत, काही चालत, काही पळत गेल्या. सगळ्यांच्या पुढे भिंगरी.

चिटणीस घाम पुसत आले. "मास्तर, टाक्या मांडवात घ्या. पाहुण्यांचे हात धुवायचेत."

तेच शब्द. एकोणीस वर्षांत त्यातला काना मात्रा बदलला नव्हता. त्या दिवशीही मास्तरांनी टाक्या हातगाडीवर चढवल्या होत्या. महिलांची शर्यत चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या वर्षी ती पहिल्यांदाच पाच फेऱ्यांची आहे हेही. पण मनाशी ते म्हणाले होते, बायकांची शर्यत ती, दोन फेऱ्यांत हसून हसून बसतील. कोण येतंय इथवर पाणी प्यायला! त्यात दुष्टावा नव्हता. धाकटीवर त्यांचा जीव होता. फक्त ती जीव तोडून धावेल, हे त्यांना खरं वाटलं नव्हतं.

आणि ती आली होती. उन्हात, घशाला कोरड पडलेली, दादाच्या पाण्याच्या ओढीनं. टाक्यांच्या जागी मातीत चार गोल ठसे होते. ती त्या ठशांशीच पडलेली सापडली.

आजही मास्तरांनी टाक्या चढवल्या. हाताला सवय असते. गाडी निम्म्या वाटेवर आली तेव्हा लाऊडस्पीकरवर गलका झाला. "महिलांची शर्यत संपलेली आहे. धावपटूनं कृपया थांबावं!" मग पुन्हा, जरा चिडून, "पंपमास्तरांची मुलगी, थांबा!"

भिंगरीनं शेवटची रेघ ओलांडली होती, आणि ती थांबली नव्हती. आडवी धरलेली फीत तिच्या खांद्यावरून मागे फडफडत गेली. दुसऱ्या फेरीत तिच्यामागे कागद निवडायच्या खोलीतल्या दोघी धावल्या, कँटीनची भांडी घासणारी एक धावली. तिसऱ्या फेरीत त्या एकेक करून गळाल्या. चौथ्या फेरीत ती एकटी उरली.

मास्तर गाडीच्या दांड्या धरून उभे होते. मांडवाकडे जायचा रस्ता समोर होता. मागून पावलं येत होती, हलकी, सारख्या अंतरानं पडणारी. ती पोरीची आहेत की बहिणीची, हे त्यांना कळेना. त्यांनी गाडी गर्रकन वळवली आणि पंपघराकडे धाव घेतली. पन्नाशी उलटलेला माणूस, भरल्या टाक्या, खडबडीत रस्ता. पाणी हिंदकळून त्यांच्या पाठीवर पडत होतं.

"अहो, पडाल! टाक्या कुठं नेताय?" बायको धावत त्यांच्या मागे आली.

वळणावर त्यांनी गाडी टेकवली. धाप लागलेली. ते बायकोकडे न बघता बोलले, "ती पाणी प्यायली नव्हती गं."

"कोण?"

"धाकटी. पाणी नव्हतंच इथं. मी उचललं होतं. मांडवात नेलं होतं, हात धुवायला."

एवढी वर्षं बायको मनाला एकच बोचणी लावून घेत होती, की पोर रडली म्हणून मी धाकटीला एकटीला सोडलं. आणि धाकटी निदान पाणी प्यायली, या एकाच गोष्टीवर ती बोचणी शांत करत होती. ती गोष्ट आता नवऱ्यानंच हातातून काढून घेतली. नवऱ्याला बाजूला सारून तिनं पेला उचलला, टाकीतून भरला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

भिंगरी आली. चेहरा लाल, ओठ पांढरे. आईच्या हातचा पेला तिनं दोन घोटांत संपवला, दुसरा डोक्यावर ओतला.

"बाबा, किती झाल्या?"

"साडेचार," मास्तर म्हणाले.

"मग अडवू नका."

ती पुढे गेली. त्या वळणापलीकडे जाणारी पावलं मास्तरांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

रेघेपाशी कुणी नव्हतं. मांडवात पंगत बसली होती. फक्त नर्सबाई उन्हात उभ्या होत्या, छातीवरचं घड्याळ हातात धरून. ज्या घड्याळावर त्या रोग्यांची नाडी मोजत, त्याच्यावर त्यांनी पाचही फेऱ्या मोजल्या होत्या. त्यांनी वेळ मोठ्यानं सांगितली. पुरुषांच्या यादीत ती वेळ बाविसावी आली असती. काहींना वाटेल, पहिली यायला हवी होती. का? सायकल एकालाच मिळाली, बाकीचे पुरुषही हरलेच होते, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला झेपतं का.

मास्तर ओल्या पाठीनं मांडवात शिरले आणि पाहुण्यांच्या ताटांपुढे उभे राहिले.

"मास्तर, जेवणं चाललीत," चिटणीस हळूच म्हणाले.

"चालू द्यात साहेब. मला एक सही खोडायची आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, टाक्यांपासून मातीतल्या ठशांपर्यंत. हात धुवायला उठलेले दोन पाहुणे परत खाली बसले.

बायको त्यांच्याशी पुढे तीन महिने बोलली नाही. भिंगरी बोलली, पण एकच वाक्य: "मी विचारलं होतं बाबा, तेव्हा तुम्ही होतं म्हणालात." मास्तरांची नोकरी गेली नाही, गावानं त्यांना वाळीतही टाकलं नाही. बाईच्या तहानेकडे दुर्लक्ष केलं म्हणून कुणाला वाळीत टाकलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

पुढच्या वर्षी फळ्यावर नोटीस लागली. नर्सबाईंच्या अक्षरात होती, आणि ती मिळवायला त्यांना व भिंगरीला अकरा महिने समितीचे उंबरे झिजवावे लागले होते. महिलांची शर्यत: पाच फेऱ्या. सकाळी सहा, खुल्या शर्यतीच्या आधी. घड्याळ राहील. खुल्या शर्यतीत धावू इच्छिणाऱ्या महिलांनी तिथं नाव द्यावं. वळणावळणावर पंच उभे असतील. आणि खाली एक ओळ: शेवटची बाई येईपर्यंत पाणी जागेवरून हलणार नाही.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांना वाटलं, आता सुटलो.

बाराचा भोंगा झाला. ते ताटावर बसले. घरामागून पावलं गेली. एक. दोन. तीन. चार.

पाचव्यांदा आली नाहीत.

मास्तर उठले. त्यांनी तांब्या भरून घेतला आणि मागचं दार उघडून पंपघराच्या वाटेला लागले. बायकोनं त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं, आणि दारात येऊन ते वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली.