कलाचा स्कोअर

मी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बावीस जळगाव-धुळे. पाळधी, एरंडोल, पारोळा, कुठे कोणता खड्डा ते झोपेत सांगायचो. आता रस्ता रुंद झाला, खड्डे गेले आणि कडेची निंबाची झाडंही गेली. मला त्या झाडांची फार आठवण येते.

तेव्हा माझी बायको कला कधी माझ्याच गाडीने धुळ्याला निघाली तरी मागे बाकावर बसायची. केबिनमध्ये कोणी बसायचं नाही, आणि मी नियमाचा पक्का. एकदा उतरताना तिला म्हणालो, "रिटायर झालो की स्वतःची गाडी घेईन आणि याच रस्त्याने तुला शेजारी बसवून नेईन." आमची वृषाली धुळ्यालाच नर्स आहे. तिला सातवा महिना लागला तेव्हा मी ठरवलं, आता शब्द पाळायचा.

निम्मे पैसे हाताशी होते. बाकीच्यासाठी कर्ज. हा शब्द उच्चारतानाही माझी जीभ अडखळते. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, मी तर पाय पोटाशी घेऊनच झोपलो. डेपोच्या कॅन्टीनमध्ये चहासुद्धा रोखीने. सोबतचे सोसायटीतून कर्ज उचलायचे आणि मी त्यांना तोंड भरून ऐकवायचो.

शोरूममध्ये फायनान्सचं काम पाहणाऱ्या हितेंद्रने माझा पॅन नंबर टाकला.

"काका, तुमचा स्कोअर मायनस वन येतोय."

"मायनस? मी कोणाचं काय बुडवलंय?"

"बुडवलं नाही. तुम्ही कधी कर्ज घेतलंच नाही, म्हणून हिस्ट्रीच नाही. बँक एवढी रक्कम देणार नाही."

माझं डोकं फिरलं. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याचा बिल्ला मी मुद्दाम शर्टाला लावून गेलो होतो. तो काढून टेबलावर ठेवला. "ही हिस्ट्री नाही तर काय आहे?" त्याने बिल्ला दोन्ही बाजूंनी पाहिला आणि अदबीने परत दिला. मी उठलो. कलाकडे पाहायची मला लाज वाटत होती.

"काकूंचं पॅनकार्ड आहे का?" हितेंद्रने विचारलं.

मला हसू आलं. कला घरी ब्लाउज शिवते, दोन बायका हाताखाली आहेत, रिटर्न भरते, एवढं मला ठाऊक. पण कर्ज आणि ती? तिने पिशवीतून कार्ड काढून दिलं.

"आठशे अकरा," हितेंद्र म्हणाला आणि खुर्चीत सरळ बसला.

"पुढचं वाचू नको, भाऊ," कला म्हणाली.

"वाच," मी म्हणालो.

२०१३, बचत गटातून शिलाई मशीनसाठी. मशीन घरी आलं तेव्हा ती म्हणाली होती, भिशी लागली. २०१७, शिक्षणासाठी. वृषालीची फी भरली तेव्हाही भिशीच लागली होती. किती भिशा लागत होत्या या बाईला, आणि मी गावभर सांगत फिरत होतो की आमच्या घरात कर्जाचा रुपया नाही.

"आणि हे सोनेतारण. डिसेंबर २०२१, धुळ्याची बँक. वेळेत फेडलंय."

डिसेंबर २०२१ म्हणजे आमचा संप. पाच महिने पगार नाही. मी रोज मंडपात बसायचो आणि दुपारी कलाने दिलेला डबा उघडायचो. भरीत, भाकरी, कधी शेवभाजी. डब्यात कधीच काही कमी पडलं नाही. तिच्या गळ्यातली पोत दिसेना तेव्हा मी विचारलं होतं. मानेला खाज सुटते, म्हणाली. मी मलम आणून दिलं होतं.

"धुळ्याला कशाला गेलीस?" मी विचारलं.

"इथं कोणी पाहिलं असतं तर तुमच्या कानावर आलं असतं."

"पण गेलीस कशी? एसटी तर बंद होती."

"काळीपिवळी जीपमधून. मागच्या सीटवर, चौथी." मग माझा चेहरा पाहून, सगळं फिटलंय हे सांगताना तिला माहेरची बोली आठवली. "बठ्ठं फेडेल शे. आते कसाले तोंड पाडतस?"

संप चुकीचा नव्हता, अजूनही तेच म्हणेन. पण बावीस वर्षं साऱ्या जगाला मी धुळ्याला पोहोचवलं, आणि हिला गरज होती त्या दिवशी माझी गाडी उभी होती. हे मला फार लागलं.

कर्ज कलाच्या नावावर झालं, गाडीही तिच्याच. मी सहकर्जदार म्हणून खाली सही केली.

गेल्या रविवारी जळगावातल्या आमच्या मेहरूणच्या घरून निघालो. तिने सवयीने मागचं दार उघडलं. "पुढे बस," मी म्हणालो. बसली. पाळधी सोडलं तशी म्हणाली, "जरा हळू. हप्ते माझ्या नावावर आहेत."

पारोळ्याला तिने एका टपरीकडे बोट दाखवलं. "त्या दिवशी जाताना जीप इथंच थांबली होती. चहा प्यावासा वाटला होता, पण परतीचं भाडंच तेवढं उरलं होतं."

मी गाडी कडेला घेतली. टपरी कौतिकची, माझ्या ओळखीचा. दोन कप घेतले आणि पाचशेची नोट काढली. त्याच्याकडे सुट्टे नव्हते. "राहू द्या आबा, येताना द्या."

पूर्वी मी चहा तसाच ठेवून सुट्टे शोधायला गेलो असतो. त्या दिवशी म्हणालो, "बरं."

कलाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लिखी ठेव रे भाऊ," ती म्हणाली, "यासनी हिस्ट्री सुरू व्हयनी."